फी फीच्या चुनखडी बेटांवर डायव्हिंग: आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे नवरा-बायको. तारकर्लीला एकदा प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली गेले, गोडी लागली, आणि मग अंदमानात स्वराज द्वीपला दोघांनी ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचा, कोर्स पूर्ण केला. आता महाशिवरात्रीच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून थायलंडच्या फी फी बेटांवर जायचा बेत आहे. चुनखडीच्या उभ्या कड्यांलगतचे डायव्ह नवख्यांना झेपतात का, तिथल्या गुहांमध्ये शिरावे का आणि कोणत्या जागा चुकवू नयेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी मूळची देवगडची. हंगामात क्राबी, फी फी आणि लांता या पट्ट्यात डायव्हिंग शिकवते. त्यामुळे जागांबद्दल सांगेनच, पण त्याआधी तारखेचे बोलू. महाशिवरात्र म्हणजे कृष्ण चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी अमावास्या. म्हणजे तुम्ही नेमके उधाणाच्या तोंडावर पोहोचणार, आणि उधाणाचा सर्वांत जास्त जोर अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत असतो, तोच तुमचा डायव्हिंगचा काळ. तिकीट काढले नसेल तर नऊ-दहा दिवस पुढे ढकला. शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमारास पोहोचलात तर तीच बेटे तुम्हाला अगदी वेगळी दिसतील.

उधाण आणि भांग हे आपल्या किनाऱ्यावर कोणालाही शिकवावे लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग. पाण्याची हालचाल निम्म्याहून कमी. फी फी-क्राबी भागात दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. उधाणात पाणी अडीच ते तीन मीटर चढते-उतरते, भांगात जेमतेम मीटरभर. तेवढे पाणी सहा तासांत बेटांच्या मधल्या फटींमधून आत येते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जाते. प्रवाह त्याचाच, आणि गढूळपणाही त्याचाच, कारण आतल्या बाजूला फांग न्गाचा उपसागर आहे: उथळ, तिवरांनी वेढलेला, तळाशी मऊ गाळ असलेला. उधाणाची ओहोटी तो गाळ उचलून फी फीपर्यंत आणते. भांगात मला फी फीच्या दक्षिणेच्या बिडा बेटांच्या कड्यावर पंधरा-वीस मीटरवरचा बडी, म्हणजे डायव्हचा जोडीदार, स्पष्ट दिसतो. उधाणात तिथेच कधीकधी सहा-सात मीटरवरचे त्याचे फिन्स, म्हणजे पायांतली वल्ही, शोधावे लागतात.

आपल्या सुट्ट्यांचा आणि तिथल्या समुद्राचा मेळ कसा बसतो ते एकदा पाहून ठेवा, पुढच्या सहलींना उपयोगी पडेल. होळी पौर्णिमेला, म्हणजे उधाण. गुढीपाडवा प्रतिपदेला, अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे तेही उधाण. दिवाळी अमावास्येच्या आजूबाजूला. दत्तजयंती पौर्णिमेला. या सगळ्यांत रामनवमी तेवढी भांगातली, आणि तेव्हा हंगाम संपत आला असला तरी समुद्र बहुधा शांत असतो. घरातल्या कॅलेंडरवर तिथी छापलेली असतेच, तीच तुमचे पहिले नियोजन. एक मात्र लक्षात ठेवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा आपल्याकडचा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, तो थायलंडला लावू नका. तिथल्या भरतीच्या वेळा वेगळ्या आहेत आणि घड्याळही आपल्यापेक्षा दीड तास पुढे. डायव्ह सेंटरवर त्या महिन्याचा भरतीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. गेल्या गेल्या तो बघा.

आता कड्यांबद्दल. फी फीचा दगड समजला की तिथला डायव्ह समजतो. आपला सह्याद्री लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, कठीण. फी फी, रेले, फांग न्गाचे डोंगर हे त्याहून कितीतरी जुन्या उबदार समुद्राच्या तळावर साठलेल्या कवचांचे आणि चिखलाचे, सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीचे. चुनखडीचा गुण असा की पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की ते किंचित आम्लधर्मी होते, आणि असे पाणी हा दगड विरघळवते. भेगा रुंदावतात, भेगांची भुयारे होतात, भुयारांची छते कोसळून आकाशाला उघडे डोह तयार होतात. शेवटच्या हिमयुगाच्या भरात, सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. आज आपण जिथे डायव्ह करतो तिथे तेव्हा जंगल होते आणि डोंगरांमधून पावसाचे पाणी गुहा कोरत होते. नंतर समुद्र चढला आणि ते सगळे बुडाले. म्हणून फी फीचा कडा पाण्याच्या रेषेवर थांबत नाही, तसाच उभा खाली उतरतो, त्याला कपारी, खांब, कमानी आणि भोके असतात.

पाण्याच्या रेषेवर तर आडवी खोबण कोरलेली दिसेल, बेटाच्या कमरेभोवती. लाटांनी, दगड विरघळवणाऱ्या पाण्याने आणि दगड खरवडून खाणाऱ्या शिंपल्या-गोगलगायींनी ती कोरली आहे. दिसायला सुंदर, पण तिच्या खाली वर येऊ नका. वरून दगडाचे छप्पर, खाली लाट, आणि छपराला चिकटलेली कालवे सुरीसारखी. लाटेने एकदा उचलून डोके तिथे आपटले की हंगाम संपला. वर यायचे ते कड्यापासून चांगले दूर, मोकळ्या पाण्यात.

कडा नवख्यांना झेपतो का? झेपतो, भांगाच्या दिवशी आणि तोल साधलेला असेल तर. स्वराज द्वीपला तुम्ही बहुधा उतरत्या रीफवर आणि वाळूवर शिकलात. तिथे तळ असतो; खाली सरकलात तर वाळू दिसते, मन आपोआप सावध होते. कड्यावर तसे काही नसते. समोर दगड, पाठीमागे निळे पाणी, खाली अंधुक. माझी एक विद्यार्थिनी, अगदी शांत आणि हुशार, बिडा नोकच्या कड्यावर एका समुद्रपंख्याचे, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळाचे, निरीक्षण करत होती. पंखा मोठा, जांभळट, त्यात दडलेले बारीक मासे. तिचे डोळे पंख्यावर, आणि ती सावकाश, सरळ उभी, खाली सरकत होती. सोळा मीटर, अठरा, एकवीस. तिला काहीच जाणवले नव्हते, कारण समोरचा दगड सगळीकडे सारखाच दिसतो. मी तिच्या मनगटावरच्या, खोली दाखवणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरवर बोट ठेवले तेव्हा तिला कळले. घाबरण्यासारखे काही झाले नाही, पण ओपन वॉटरची मर्यादा अठरा मीटर आहे आणि कड्यावर ती न कळत ओलांडली जाते. म्हणून दर अर्ध्या मिनिटाला कॉम्प्युटर पाहायची सवय लावा. मासा पाहण्याआधी आकडा, मासा पाहिल्यावर पुन्हा आकडा.

याचे मूळ बहुतेक वेळा वजनात असते. नवख्या डायव्हरला गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त शिसे बांधलेले असते, कारण त्यामुळे खाली जाणे सोपे होते आणि बोटीवरचा वेळ वाचतो. पण मग ते वजन सावरायला बीसीडीत, म्हणजे अंगातल्या हवेच्या जाकिटात, हवा भरावी लागते, ती हवा थोडे वर गेले की फुगते, थोडे खाली गेले की आक्रसते, आणि तुम्ही पूर्ण डायव्हभर बटणांशी झगडत राहता. शिवाय पाय खाली जातात, शरीर तिरके होते, आणि फिन्सचा प्रत्येक फटका पंख्यांवर आणि मऊ प्रवाळावर बसतो. पहिल्या दिवशी गाइडला सांगा की वजन तपासायचे आहे. तीन मिलिमीटरचा सूट, अॅल्युमिनियमची टाकी. टाकीत दोनशे बार (बार हे दाबाचे एकक) हवा असते तेव्हा आणि पन्नास बार उरते तेव्हा, यांत सुमारे दोन किलोचा फरक पडतो. टाकी रिकामी होत जाते तशी ती हलकी होते. म्हणून खरी तपासणी डायव्हच्या शेवटी, पन्नास बारवर, पाच मीटरवर करायची. बीसीडी रिकामे, श्वास सामान्य, आणि तुम्ही जागच्या जागी स्थिर. तिथे स्थिर राहता आले तर वजन बरोबर. एवढी एक गोष्ट साधली तर बाकीच्या सहलीचा आनंद दुप्पट होईल, हे मी मनापासून सांगते.

हवेचा हिशेबही कड्यावर कडक ठेवा. वीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणजे तीच टाकी तिप्पट वेगाने संपते. कड्यावरचा डायव्ह आधी खोल आणि मग हळूहळू उथळ असाच असावा. सर्वांत खोल भाग सुरुवातीला, निम्मी हवा उरली की दहा-बारा मीटरवर, आणि शेवट पाच-सहा मीटरवर ऊन पोहोचते तिथे. तिथेच वर येण्याआधीचा तीन मिनिटांचा सुरक्षेचा थांबा, सेफ्टी स्टॉपही, आपोआप होतो, आणि बघायला सगळ्यात जास्त तिथेच असते.

प्रवाहाचे दोन शब्द. लहान बेटावर प्रवाह आदळतो तेव्हा तो दुभंगतो. समोरच्या बाजूला पाणी दाबले जाते आणि मासे तिथेच गोळा होतात, कारण खाणे तिथे येते. दोन्ही कोपऱ्यांवर वेग वाढतो, आणि मागच्या बाजूला आडोसा. गाइड कुठे उडी मारायची ते बोटीवरून पाणी पाहून ठरवतो. खाली गेल्यावर तुम्हीही वाचू शकता: समुद्रपंखे कोणत्या बाजूला वाकले आहेत, मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून पोहत आहेत का, तुमचे बुडबुडे सरळ वर जात आहेत की तिरके. बुडबुडे खाली ओढले जाताना दिसले तर पाणी कोपऱ्यावरून खाली जाते आहे. तेव्हा त्याच्याशी सरळ वर झुंजू नका. कड्याला लगटून जा, दगडाजवळ प्रवाह कमी असतो. मोकळा, जिवंत काही नसलेला खडक एका हाताने धरा, श्वास सावरा, आणि आडवे सरकत आडोशाला या. फी फीत असे क्वचित होते, पण उधाणात होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक गोष्ट होते, ती कोणी आधी सांगत नाही. पाणी एरवी 28 ते 30 अंश असते, आणि मध्येच एका ठरावीक खोलीवर तुम्ही एकदम थंड, हिरवट थरात शिरता. दातांवर दात वाजतात. अंदमान समुद्रात पृष्ठभागाच्या खाली प्रचंड अंतर्गत लाटा उठतात, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, आणि त्या खोलवरचे थंड पाणी वर ढकलतात. बाहेरच्या, पश्चिमेच्या बेटांवर ते जास्त जाणवते. घाबरायचे कारण नाही, चार-पाच मीटर वर आलात की पुन्हा ऊब. उलट त्या पाण्याबरोबर प्लवक येतात, आणि त्यांच्या मागे कधीकधी मोठे प्राणी.

आता गुहा. तुमच्या प्रश्नातला हा भाग वाचून मी सर्वांत जास्त वेळ विचार केला. फी फी-लांता भागात डायव्हरांना दाखवायच्या बऱ्याच जागा कपारींच्या आणि कमानींच्या आहेत, आणि तुमचा गाइड तुम्हाला आत यायची खूण करेल. माझा नियम सोपा आहे: जिथून सरळ वर पृष्ठभागावर जाता येत नाही, तिथे ओपन वॉटरवाल्याने जायचे नाही. बाहेर झुकलेल्या कड्याखाली पोहणे चालते, कारण हात पसरला की मोकळे पाणी असते. पुढचा उजेड स्पष्ट दिसतो आणि दोन-चार फिन्सच्या फटक्यांत पार होते अशी रुंद कमानही तोल पक्का असेल तर चालते. त्यापुढे नाही.

लांताजवळ को हा नावाचा पाच सुळक्यांचा समूह आहे, माझ्या मते या भागातली सर्वांत सुंदर जागा. तिथे एक उभी चिमणी आहे, खालून शिरून उथळ पाण्यात वर निघता येते. दुसरीकडे कॅथेड्रल नावाची मोठी पोकळी आहे. आत वर गेले की डोके पाण्याबाहेर काढता येते, छतावरून लोंबणारे चुन्याचे झुंबर दिसते. दोन्ही जागा मला प्रिय आहेत आणि दोन्ही ठिकाणी मी तुम्हाला या सहलीत नेणार नाही. कारण असे. चुनखडीच्या पोकळीच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ बसलेला असतो. पुढचा माणूस सायकल मारल्यासारखे पाय मारत गेला की मागच्याला पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाही. छताला लागलेले बुडबुडे कण सोडवतात, तेही खाली येतात. मी स्वतः एका जोडप्याला अशा पोकळीच्या तोंडाशी थांबवले आहे, कारण आतून दुसऱ्या गटाने उडवलेला धूर बाहेर येत होता. गाइड ओळखीचा असो, हसरा असो, तुमच्याकडे अंगठा आणि तर्जनी जोडून ठीक आहे ना विचारत असो. मान हलवून नाही म्हणा. त्यात कमीपणा काही नाही. आणि कधी पुढे अनुभव वाढल्यावर अशा हवेच्या पोकळीत गेलात तर तोंडातला रेग्युलेटर काढू नका. आतली हवा कोंडलेली असते, ती श्वास घेण्याजोगी आहे की नाही हे नाकाला कळत नाही.

गुहेत न शिरता चुनखडीचे सगळे वैभव बाहेरच पाहता येते, फक्त नजर जवळ आणावी लागते. पाण्याखालचा हा दगड छिद्राछिद्रांचा असतो आणि प्रत्येक छिद्रात कोणीतरी राहते. बिडा नाईच्या कड्यावर दहा मीटरवर थांबा आणि एका हातभर तुकड्याकडे पाहत राहा. सावलीच्या बाजूला नारिंगी-पिवळे कपप्रवाळ, दिवसा मिटलेले. त्यांना ऊन लागत नाही, ते पाण्यातून येणारे खाऊन जगतात, म्हणूनच त्यांना झुकलेल्या कड्याची सावली आवडते. खालच्या फटीत मोरे ईलचे, सापासारख्या लांब माशाचे, डोके, उघडझाप करणारे तोंड. ती धमकी नसते, तिचा श्वास असतो. तिच्या गालावरून चढणारे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे झिंगे तिला स्वच्छ करत असतात. त्याखालच्या कपारीत टॉर्च मारला तर बांबू शार्क दिसेल, हातभर लांबीचा, शांत झोपलेला. टॉर्च त्याच्या डोळ्यांत मारू नका. आणि पंख्यांच्या फांद्यांत, फांदीच्याच रंगाचे, नखाएवढे काहीतरी हलले तर गाइडला बोलवा, तो सांगेल काय आहे ते.

बिडाच्या पायथ्याशी वाळू सुरू होते तिथे बिबट्या शार्क पडलेला असण्याची शक्यता असते. मोठा झाल्यावर अंगावर ठिपके, पिल्लाच्या अंगावर पट्टे, शेपूट शरीराइतकी लांब. दिवसा तो वाळूवर बसून असतो. त्याच्या समोरून, वरून जाऊ नका, शेपटीला हात लावू नका. बाजूने, खाली राहून, चार-पाच मीटरवर थांबा. बहुधा तो तुम्हाला सहन करतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेने 2016 मध्ये ही जात धोक्यात असल्याचे जाहीर केले. मी सुरुवात केली तेव्हा तो दिसणे नवल नव्हते. आता दिसला की बोटीवर सगळे त्याच्याबद्दलच बोलत असतात.

ट्रिगरफिशपासून मात्र खरोखर लांब राहा. टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असेल तर चावते, फिन्सचे तुकडे पडलेले मी पाहिले आहेत. तिचा राखलेला भाग वाळूतल्या खड्ड्यापासून वर रुंद होत जातो, म्हणून वर पळून उपयोग नाही, आडवे सरका आणि फिन्स तिच्याकडे ठेवा.

जागांबद्दल. तुमच्याकडे तीन डायव्हिंगचे दिवस असतील असे धरते. पहिला दिवस फी फी ले या लहान बेटाच्या आडोशाच्या उथळ जागी, वजन आणि तोल तपासायला. त्यातच पालाँगच्या भिंतीजवळ उथळ पाण्यात काळ्या टोकाचे शार्क दिसण्याची चांगली संधी असते. दुसरा दिवस बिडा नोक आणि बिडा नाई, फी फीच्या दक्षिणेची ही दोन लहान बेटे. तिसरा, भांगाचे शांत दिवस मिळाले तर, को हा, फक्त मोकळ्या बाजूंनी. हिन दाएंग आणि हिन मुआंग या दूरच्या खडकांची नावे तुमच्या कानावर येतील, मांटा आणि व्हेल शार्कच्या गोष्टींसकट. त्या जागा खोल आहेत, मोकळ्या समुद्रात आहेत, प्रवाह मोठा असतो. अॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स झाल्यावर आणि कड्यांची सवय झाल्यावर जा. किंग क्रूझर या बुडालेल्या बोटीचेही तसेच. फुकेत-फी फी मार्गावरची ही फेरीबोट 4 मे 1997 ला अॅनिमनी रीफवर आदळून बुडाली. तो सुळका पाण्याबाहेर येतच नाही. प्रवासी वाचले. बोट तीसेक मीटरवर आहे, तिचे लोखंड कोसळत चालले आहे, आणि तीही तुमच्या मर्यादेपलीकडे.

फी फी लेवरच्या माया बे या किनाऱ्याबद्दलही लोक विचारतात. गर्दीमुळे प्रवाळ इतके मेले की थायलंडने तो जून 2018 मध्ये बंद केला आणि जानेवारी 2022 मध्ये मर्यादा घालून उघडला. आता बोटी समोरून आत येत नाहीत, मागच्या लो सामा बाजूने जावे लागते, पोहायला मनाई आहे, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पुन्हा बंद असतो. काळ्या टोकाच्या शार्कची पिल्ले तिथे उथळात परतली आहेत. किनाऱ्यावरूनच पाहा, पण नक्की पाहा. बंद ठेवल्याने समुद्राला काय मिळते हे इतके उघड दिसणारी जागा मला दुसरी माहीत नाही. को हा ज्या मू को लांता राष्ट्रीय उद्यानात येते ते पावसाळ्यात, मे ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असते, तेव्हा दिवाळीआधी जायचे ठरवत असाल तर विचारून घ्या.

राष्ट्रीय उद्यानांमध्ये 2021 पासून ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनोक्सेट अशी प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. पुण्याहून नेताना डब्यामागचे वाचा, किंवा सरळ लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला. कॅमेरा या सहलीत घरी ठेवा, असा माझा सल्ला आहे. 2025 पासून थायलंडने नवख्या डायव्हरांच्या पाण्याखालच्या कॅमेऱ्यावर बंधने आणली आहेत, आणि बंधने नसती तरी मी हेच म्हटले असते. हातात कॅमेरा आला की तोल जातो आणि गुडघे प्रवाळावर टेकतात.

पृष्ठभागावरचा धोका पाण्याखालच्यापेक्षा मोठा आहे, हे फी फीत विसरू नका. लांब दांड्याच्या टोकाला पंखा बसवलेल्या लाँगटेल बोटी आणि पर्यटकांच्या स्पीडबोटी सतत जात-येत असतात, आणि कड्याला लगटून जातात, कारण प्रवाशांना कडा पाहायचा असतो. वर येण्याआधी पाच मीटरवरून एसएमबी सोडा, म्हणजे तो नारिंगी लांब फुगा वर उभा राहतो आणि बोटवाल्याला तुम्ही खाली आहात हे कळते. गाइड सोडतोच, पण दोघांकडे स्वतःचा एक-एक असू दे आणि तो सोडायचा सराव पहिल्या दिवशी करून घ्या. वर येताना वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको, आणि शेवटचे पाच मीटर सर्वांत सावकाश.

विमा आधी तपासा. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कूबा वगळलेले असते, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेले असते. डायव्हरांसाठीचा वेगळा विमा घेणे चांगले. दाबकक्षाची, म्हणजे शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर उपचार करतात त्या खोलीची, सोय फुकेतला आहे, फी फीहून तिथे बोटीने जावे लागते, म्हणून सांधे दुखणे, मुंग्या येणे, अंगावर चट्टे अशी कुठलीही लक्षणे असली तर थकवा समजून रात्र काढू नका, लगेच सांगा. दमा, रक्तदाब, कानाचे जुने दुखणे असेल तर इथल्याच डॉक्टरांकडून डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म भरून घ्या. तिथे पोहोचल्यावर एका प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिलेत की बोटीवर चढू देणार नाहीत, आणि खोटे उत्तर देऊ नका.

शेवटच्या डायव्हनंतर अठरा तास विमान नाही. क्राबीहून सकाळचे विमान असेल तर आदल्या दिवशी डायव्ह करता येणार नाही, हे तारखा ठरवतानाच धरा. तो मोकळा दिवस लोक रेलेच्या कड्यावर चढाई करण्यात किंवा टायगर केव्ह मंदिराच्या बाराशेहून अधिक पायऱ्या चढण्यात घालवतात. कडा चढणे मलाही आवडते, पण सलग डायव्ह केल्यावर लगेच इतकी मेहनत शरीरातल्या नायट्रोजनला चांगली नाही. दोन्ही करायचे असेल तर क्रम उलटा ठेवा: आधी रेले आणि मंदिर, मग डायव्ह, आणि विमानाच्या आधीचा दिवस बोटीने किनाऱ्याला परतायला, बाजारात फिरायला आणि भरपूर पाणी प्यायला.